रुपयातली चांदी कोठून आली?

आपल्याकडे जुन्या घरांत अजून एखादी पेटी असते. पेटीत फडके असते आणि फडक्यात बांधलेले चार-दोन चांदीचे रुपये असतात. कोणावर राणीचा छाप, कोणावर पंचम जॉर्जचा. एखाद्या आजीने ते लग्नात मिळाले म्हणून जपलेले असतात. एखादीने त्यांना कडी लावून गळ्यात घातलेले असतात. पूर्वी लोक हा रुपया नुसता मोजून घेत नसत, वाजवून घेत. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. एक तोळा वजनाचा तो बंदा रुपया!

आता एक प्रश्न विचारतो. ही चांदी आली कोठून?

तुम्ही म्हणाल, सोनाराकडून. सोनाराकडे कोठून आली? सराफाकडून. आणि सराफाकडे? इथे आपण अडतो. कारण जुन्या काळी आपल्या देशात चांदी फार थोडी निघत असे. राजस्थानात जावरच्या खाणी होत्या, पण त्यांच्यावर एवढ्या मोठ्या देशाचे भागणार नव्हते. शेरशहाने सोळाव्या शतकात रुपया पाडला. पुढे मोगलांच्या टांकसाळींनी रुपयांच्या राशी पाडल्या. एवढी चांदी आपल्या भूमीत नव्हती. ती समुद्रावरून आली. तिच्यातला फार मोठा भाग पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूच्या डोंगरांतून आला. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध डोंगराची आणि तो खणणाऱ्या माणसांची ही हकीकत आहे.

श्रीमंत डोंगर

दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाची मोठी पर्वतरांग आहे. तेथे आज बोलिव्हिया नावाचा देश आहे. त्या देशात पोटोसी नावाचे शहर आहे. आपले कळसूबाईचे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच, १,६४६ मीटर. पोटोसी गाव वसले आहे ४,००० मीटरांहून अधिक उंचीवर. म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ अडीचपट. तेथे झाड उगवत नाही. वारा अंगाला सुईसारखा टोचतो. नवा माणूस चार पावले चालला की धापा टाकतो. या गावाच्या डोक्यावर एक तांबूस, शंकूच्या आकाराचा डोंगर उभा आहे. स्पॅनिश लोकांनी त्याला नाव दिले ‘सेरो रिको’, म्हणजे श्रीमंत डोंगर.

या मुलखातले मूळचे लोक केचुआ आणि आयमारा भाषा बोलतात. ते हाडाचे शेतकरी. आपण रोज भाजीत घालतो तो बटाटा मूळचा त्यांचाच. त्यांच्यावर इंका राजांचे राज्य होते. १५३२ साली स्पेनचे शिपाई तेथे उतरले. त्यांनी इंका राजाला पकडले आणि राज्य घेतले. पुढे १५४५ साली या डोंगरात चांदी सापडली. ती स्पॅनिश माणसाला सापडली नाही. तेथल्याच एका माणसाने ती दाखवली, असे सांगतात.

पहिली वीस-पंचवीस वर्षे स्थानिक लोकांचाच हात वर होता. बरं का, चांदी काही शुद्ध निघत नाही. ती दगडात मिसळलेली असते. तो दगड वितळवून चांदी वेगळी करण्याची विद्या त्या लोकांना ठाऊक होती. ते मातीच्या छोट्या भट्ट्या करीत. भट्टीला चोहोबाजूंनी भोके असत. डोंगरउतारावर वारा सुटला की तोच भात्याचे काम करी. गवत आणि जनावरांचे वाळलेले शेण हे जळण. मालकाला ठरलेला वाटा दिला की उरलेली चांदी कामगाराची. म्हणून सुरुवातीला पुष्कळ लोक खाणीवर आपखुशीने आले. जेथे मजुराच्या हाती विद्या असते, तेथे त्याच्या शब्दाला थोडी तरी किंमत असते.

पण वरवरचा चांगला दगड संपला. खोल जावे तसा दगड हलका लागू लागला. वाऱ्याच्या भट्टीत त्यातून चांदी सुटेना.

पारा आला

तेव्हा एक नवी युक्ती आली. दगड कुटून त्याचे पीठ करायचे. त्यात पाणी, मीठ आणि पारा घालायचा. मग तो चिखल तुडवायचा. पाऱ्याचा असा गुण आहे की तो चांदीला धरून ठेवतो. काही दिवसांनी चिखल धुऊन काढला की पारा व चांदी यांचा गोळा उरतो. गोळा फडक्यात पिळायचा, मग तापवायचा. पारा वाफ होऊन उडून जातो आणि चांदी मागे राहते. ही रीत मेक्सिकोत १५५४-५५ च्या सुमारास सुरू झाली आणि १५७२ च्या सुमारास पोटोसीला आली.

पारा आणायचा कोठून? पेरू देशात ग्वांकाव्हेलिका येथे हिंगुळाच्या खाणी सापडल्या होत्या. हिंगुळातून पारा काढतात. पण पारा हे विष आहे. त्याच्या धुराने माणसाच्या अंगाला कंप सुटतो, दात पडतात. त्या खाणीला लोक मरणाची खाण म्हणत. एका खाणीसाठी दुसरी खाण चालवावी लागली.

शिवाय दगड कुटायला मोठ्या गिरण्या हव्या होत्या आणि त्या फिरवायला पाणी हवे होते. म्हणून डोंगरात बांध घालून तलाव केले. हे सगळे करायला भांडवल लागते. ते स्पॅनिश मालकांकडे होते. गिरणी मालकाची, पारा सरकारचा, तलावाचे पाणी सरकारी हुकमाचे. मग वाऱ्याच्या भट्टीवर जगणारा कामगार नुसता हातांचा धनी उरला. त्याची विद्या निरुपयोगी झाली.

आता मालकांना हवे होते फक्त एक: पुष्कळ माणसे, तीही स्वस्तात.

पाळी की वेठ?

त्या वेळी पेरूवर फ्रान्सिस्को दे तोलेदो नावाचा व्हाइसरॉय होता. व्हाइसरॉय म्हणजे राजाचा प्रतिनिधी. आपल्याकडे इंग्रजांचे लाटसाहेब असत तसा. त्याने १५७३ साली पोटोसीसाठी ‘मिता’ नावाची पद्धत पक्की केली.

मिता हा केचुआ भाषेतला शब्द. त्याचा अर्थ पाळी. ही पाळी इंका राजांच्या काळापासूनची होती. प्रत्येक गावाने पाळीपाळीने माणसे पाठवायची, रस्ते बांधायचे, राजाची शेते कसायची. त्या बदल्यात राजाने त्यांना जेवू घालायचे आणि दुष्काळात कोठारे उघडायची. त्यातही सक्ती होती. पण घेणे होते तसे देणेही होते.

तोलेदोने नाव जुने ठेवले, पण त्यातले देणे काढून टाकले. आपल्याकडे ज्याला वेठ किंवा वेठबिगार म्हणत, तशीच ती गोष्ट झाली. फरक एवढाच की तिला थोडी मजुरी होती आणि तिचे सगळे कागदोपत्री होते.

नियम असा होता. सोळा प्रांतांतील गावांनी दरवर्षी १८ ते ५० वयाच्या पुरुषांपैकी सातवा हिस्सा पोटोसीला पाठवायचा. असे वर्षाला १३,००० च्या वर पुरुष होत. त्यांनी तेथे एक वर्ष राहायचे. तीन आठवड्यांतून एक आठवडा सक्तीचे काम. बाकीचे दोन आठवडे मोकळे. कागदावर वाचले तर हे फार जुलमी वाटत नाही. सातातून एकाचीच पाळी, तीही सात वर्षांनी एकदा! पण कागद आणि जगणे यांत अंतर असते.

काही गावे इतकी दूर होती की पोटोसीला पोचायला दोन महिने लागत. माणूस एकटा जात नसे. बायको, मुले, पांघरुणे, वाळवलेले बटाटे, मक्याची पोती हे सगळे बरोबर घ्यावे लागे. ओझे लामांच्या पाठीवर. लामा म्हणजे उंटाच्या जातीचा, पण उंटाहून खूप लहान असा केसाळ प्राणी. टिटिकाका सरोवराकाठच्या एका प्रांतातून दरवर्षी २,००० हून अधिक मजूर निघत. बायकामुले धरली तर तो तांडा कित्येक हजारांचा होई. गाव सोडताना रडारड होई, कारण गेलेली सगळीच माणसे परत येत नसत. काही मरत. काही कर्जात अडकत. काहींना परतीची वाटखर्ची जमत नसे, ती तेथेच राहून जात.

डोंगराच्या पोटात

आता आत काय चाले ते पाहू. सोमवारी डोंगराच्या पायथ्याशी मजुरांची मोजणी होई. गावचा मुख्य आपली माणसे मुकादमाच्या हवाली करी. या मुख्याला ‘कुराका’ म्हणत; आपल्या पाटलासारखा. मग मजूर खाणीत उतरत. कित्येक जण थेट शनिवारीच घरी येत.

खाणी शंभर-दीडशे पुरुष खोल गेल्या होत्या. उतरायला शिड्या असत. कातड्याचे पीळ दिलेले दोर आणि त्यांत अडकवलेले लाकडी दांडे. काही जण पहार आणि घण घेऊन दगड फोडीत. बाकीचे तो पाठीवर घेऊन शिडी चढत. पाठीवर वीस-पंचवीस किलोचे ओझे, पुढे काळोख. एका हाताच्या अंगठ्याला मेणबत्ती बांधलेली आणि दोन्ही हातांनी शिडी धरलेली. होसे दे आकोस्ता नावाच्या पाद्र्याने हे सारे पाहून आपल्या ग्रंथात लिहून ठेवले. तो ग्रंथ १५९० साली छापला गेला.

आत उकाडा, बाहेर गारठा. घामाने निथळत वर आलेल्या माणसाला बर्फासारखा वारा लागला की छाती धरे. आत दगडाची धूळ, गिरणीत त्याहून जास्त धूळ. ती फुप्फुसात बसे आणि माणूस हळूहळू खोकून खोकून संपे. भूक आणि शीण कळू नये म्हणून मजूर कोकाची पाने गालात धरीत. आपल्याकडे तंबाखूची चिमूट धरतात तशी. त्या पानांचाही मोठा व्यापार झाला आणि त्यात पैसा मिळाला व्यापाऱ्यांना.

या डोंगराने ऐंशी लाख माणसे खाल्ली, असे कोणी कोणी सांगतात. त्या आकड्याला जुन्या दप्तरांत आधार नाही. देवी आणि गोवर यांच्या साथींनी त्या मुलखात जी माणसे मेली, तीही त्यात कोणी कोणी धरतात. पण आकडा वाढवण्याची गरजच काय? जे खरे आहे, तेवढे पुरे आहे.

मजुरीचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. आपण हिशेब करू.

तोलेदोच्या नियमाप्रमाणे खाणीतल्या मितावाल्या मजुराला दिवसाला साडेतीन रेआल मिळायचे. आठ रेआलांचा एक पेसो. सहा दिवस भरले तर २१ रेआल, म्हणजे २ पेसो ५ रेआल. पण सक्तीचा आठवडा तीनांतून एकच. म्हणजे या मजुरीवर तीन आठवडे काढायचे. एवढ्यात एका संसाराचे पोट पोटोसीत भरत नसे. कारण तेथे काही पिकत नव्हते. धान्य, कपडा, जळण सारे लांबून येई आणि महाग असे.

मग ते जगत कसे? दोन मार्ग होते. एक, मोकळ्या दोन आठवड्यांत ते खुल्या मजुरीवर काम करीत. अशा खुल्या मजुराला ‘मिंगा’ म्हणत. त्याला मितावाल्यापेक्षा बरीच जास्त, कधी दुपटीच्या घरात मजुरी मिळे. काम तेच, खाण तीच, पण एकाला हुकमाची मजुरी आणि दुसऱ्याला बाजाराची. यावरून सक्तीच्या कामात मजुराचे किती बुडत होते ते कळते. विसावा मात्र कोणालाच उरत नसे.

दुसरा मार्ग म्हणजे गावाकडून आणलेली शिदोरी. वाळवलेले बटाटे, मका, लामा. शिदोरी संपली की लामा विकायचा. म्हणजे बघा, खाणमालकाच्या मजुराचे अर्धे पोट कोण भरी? त्याचे गाव. मजूर वर्षभर दूर, तर त्याचे शेत कोण कशी? गाव. मजूर आजारी होऊन परत आला, तर त्याला कोण सांभाळी? गावच. मालकाच्या वहीत हा खर्च कोठेही लिहिलेला नव्हता. म्हणून चांदी स्वस्त पडत होती. वस्तू स्वस्त मिळते तेव्हा उरलेली किंमत कोणीतरी भरत असतो. पोटोसीत ती शेकडो कोसांवरची गावे भरीत होती.

पुढे याहून वाईट झाले. साथींनी माणसे मेली. पुष्कळ माणसे मितातून सुटण्यासाठी आपले गाव सोडून दुसऱ्या प्रांतात पळाली. गावात माणसे उरली थोडी, पण वहीतला आकडा फार उशिरा खाली आला. कुराकाने ठरलेली माणसे दिली नाहीत, तर त्याने रोख रक्कम भरायची. तीही भरली नाही, तर त्याला मारहाण आणि कैद. काही मालकांच्या खाणीतली चांदी संपली होती. त्यांना माणसांपेक्षा ही रोख रक्कमच बरी वाटे. खाण बंद, पण मजुरांचे पैसे चालू! अशा मजुरांना लोक ‘खिशातले मजूर’ म्हणत. कारण ते खाणीत कधी दिसत नसत, मालकाच्या खिशात दिसत.

चांदी प्रवासाला निघाली

पोटोसीतच टांकसाळ होती. तेथे आठ रेआलांची मोठी नाणी पडत. खाणीतून निघालेल्या चांदीचा पाचवा हिस्सा राजाचा. मग लामांच्या आणि खेचरांच्या पाठीवरून चांदी समुद्रकाठी येई. गलबतातून पनामाला. तेथून खेचरांवरून दुसऱ्या समुद्राला. मग पुन्हा गलबतातून स्पेनमधल्या सेव्हिल बंदरात.

स्पेनच्या राजाचे किती भले झाले? राजाने ती चांदी लढायांत आणि सावकारांच्या व्याजात घातली. १५५७, १५७५ आणि १५९६ साली त्याने कर्ज फेडता येत नाही म्हणून हात वर केले. ज्याच्या घरी चांदीचा डोंगर, त्याचेच दिवाळे!

चांदी स्पेनमध्ये थांबली नाही. ती पूर्वेकडे निघाली. कारण युरोपच्या व्यापाऱ्यांना पूर्वेचा माल हवा होता आणि पूर्वेच्या लोकांना युरोपचा माल फारसा नको होता. चीनमध्ये सरकारी कर चांदीत घेऊ लागले होते, म्हणून चीनला चांदीची मोठी भूक होती. मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून फिलिपिन्सच्या मनिलाला चांदीची गलबते जात. १५६५ पासून १८१५ पर्यंत, अडीचशे वर्षे, तो प्रवास चालला.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तीन-चार वाटांनी चांदी येई. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला होता. लिस्बनहून येणारी त्यांची जहाजे चांदी घेऊन येत आणि मिरी घेऊन जात. तांबड्या समुद्राकडच्या व्यापारातून सुरतेला चांदी येई. १६०० साली इंग्रजांची आणि १६०२ साली डचांची कंपनी निघाली. त्यांची जहाजेही स्पॅनिश रेआलांच्या पेट्या घेऊन येत. सुरतेच्या टांकसाळीत ती नाणी वितळवून त्यांचे रुपये पाडीत. त्या रुपयांनी कापड, नीळ आणि मिरी विकत घेत.

सुरत एवढी श्रीमंत का होती, ते आता ध्यानात येईल. शिवाजी महाराजांनी १६६४ साली आणि पुन्हा १६७० साली सुरतेवर छापा घातला, हे आपण सारे जाणतो. तेथल्या व्यापाऱ्यांच्या वाड्यांत जी संपत्ती होती, ती अशा जगभरच्या व्यापारातून साठली होती. आपल्या मुलखात तेव्हा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई यांचे चलन जास्त. रुपया पुढे पसरला. पण चांदीचा ओघ आपल्या दारापर्यंत आला होता.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. ही सगळी चांदी एकट्या पोटोसीची नव्हती. मेक्सिकोच्या खाणी मोठ्या होत्या आणि पुढे त्यांनी पोटोसीला मागे टाकले. जपानमध्येही चांदी निघे. चांदी वितळते तेव्हा जुनी ओळख पुसली जाते. नाण्याचे कडे होते, कड्याचे पुन्हा नाणे होते. म्हणून आजीच्या रुपयात कोणत्या डोंगराची चांदी आहे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

लोक गप्प बसले नाहीत

तुम्ही म्हणाल, एवढे सोसून ती माणसे गप्प कशी बसली? ती गप्प बसली नाहीत.

काही पळाली, ते वर सांगितले. गाव सोडणे सोपे नव्हते. वाडवडिलांची जमीन सोडावी लागे. तरी हजारो लोकांनी ती सोडली. बायकांनी बाजार धरला. पोटोसीच्या बाजारात दगडातली चांदी, कोकाची पाने, मक्याची दारू आणि धान्य विकणाऱ्या बहुतेक तेथल्याच बायका होत्या. त्यांच्या कमाईवर कित्येक घरे तगली.

अठराव्या शतकात आणखी एक रीत फोफावली. शनिवारी संध्याकाळी खाण बंद होई ती सोमवारी उघडे. या मधल्या वेळात मजूर स्वतःच्या जोरावर खाणीत शिरत आणि आपल्यासाठी दगड काढीत. त्यांना ‘काहचा’ म्हणत. मालक म्हणत, ही चोरी आहे. मजूर म्हणत, हा आमचा हक्क आहे. त्यांनी घरगुती जात्यांवर दगड भरडून चांदी काढली, आणि ती सरकारी पेढीनेही विकत घेतली.

काहींनी अर्ज केले. पेरूच्या तिंता भागात होसे गाब्रिएल कोंदोर्कांकी नावाचा कुराका होता. तो शिकलेला होता. आपल्या लोकांची मितातून सुटका व्हावी म्हणून १७७७ साली त्याने राजधानी लिमा येथे जाऊन रीतसर अर्ज केला. अर्ज कोणी मनावर घेतला नाही. १७८० साली त्याने ‘तुपाक आमारू’ हे इंका राजाचे नाव धारण केले आणि बंड पुकारले. बंड फार मोठे झाले. १७८१ साली तो पकडला गेला आणि कुस्को शहराच्या चौकात त्याला क्रूरपणे ठार मारले. त्याआधी त्याच्या डोळ्यांदेखत त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिलाही मारले. तीही या बंडाची पुढारी होती.

बंड मोडले, पण मिताची मुळे हलली. १८१२ साली स्पेनच्या लोकसभेने मिता रद्द केली. १८२५ साली बोलिव्हिया स्वतंत्र झाला. त्याच वर्षी स्वातंत्र्ययुद्धाचा पुढारी सिमोन बोलिव्हार स्वतः पोटोसीचा डोंगर चढून गेला.

डोंगर आज

मिता गेली, पण डोंगर अजून उभा आहे आणि माणसे अजून त्यात उतरतात. चांदीनंतर कथिलाचे दिवस आले. १९५२ साली बोलिव्हियाने मोठ्या खाणी सरकारच्या ताब्यात घेतल्या. १९८५ साली कथिलाचा भाव कोसळला आणि हजारो कामगारांचे काम गेले. पुष्कळांनी आपल्या सहकारी संस्था केल्या. पण दगडाची धूळ तीच आणि छातीचा रोगही तोच. भुयारांत आत शिरल्यावर मातीची एक शिंगे असलेली मूर्ती असते. तिला खाणवाले ‘तिओ’, म्हणजे काका म्हणतात. तिच्यापुढे कोकाची पाने आणि विडी ठेवतात. इतक्या वर्षांच्या खोदाईने डोंगर आतून पोकळ झाला आहे. २०११ साली त्याच्या माथ्याचा काही भाग खचला. १९८७ साली पोटोसी जागतिक वारशाच्या यादीत आले होते. २०१४ साली ते धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातले गेले.

आणि ती गावे? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेरूमधल्या गावांची तुलना केली होती. मिताची जुनी सीमा होती, तिच्या आतली गावे आणि अगदी शेजारची, पण सीमेबाहेरची गावे. मिता बंद होऊन जवळजवळ दोनशे वर्षे झाली होती. तरी आतल्या घरांचा खर्च बाहेरच्या घरांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी आढळला. रस्ते कमी, आणि वाढ खुंटलेली मुले जास्त. पणजोबाच्या पणजोबावर झालेला अन्याय नातवंडाच्या उंचीत दिसतो, तो असा.

मंडळी, या मजुरांची नावे, त्यांच्या पाळ्या, त्यांची मजुरी, गावाची थकबाकी हे सगळे वह्यांत लिहिलेले होते. आजही ते कागद जपलेले आहेत. पण ज्यांची नावे त्यांत होती, त्यांच्यातल्या बहुतेकांना ती वही वाचता येत नव्हती. वहीत आपल्या नावापुढे काय लिहिले आहे, ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागत होते. आपण अक्षर ओळखायला बसलो आहोत, ते याचसाठी. हजेरीच्या वहीत आपल्या नावापुढे किती दिवस लिहिले, दर काय लावला, कापून काय घेतले, हे आपल्या डोळ्यांनी वाचता आले पाहिजे.

आता कधी तो जुना रुपया हातात आला, तर तो जरूर वाजवून पाहा. आणि अंगठ्याला मेणबत्ती बांधून शिडी चढणाऱ्या त्या माणसाची आठवण ठेवा.

शब्दांचे अर्थ

टांकसाळ – नाणी पाडण्याची जागा.
हिंगूळ – ज्यापासून पारा काढतात तो लाल दगड.
वेठ – सक्तीने करून घेतलेले काम.
पुरुष – खोली मोजण्याचे जुने माप. उभ्या माणसाच्या उंचीएवढे.
मुकादम – मजुरांवर देखरेख करणारा.
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले खाणे.

वाचा आणि उत्तरे द्या

१. सुरुवातीला कामगारांच्या हाती काय होते? पारा आल्यावर ते का गेले?
२. इंका राजांची मिता आणि तोलेदोची मिता यांत फरक कोणता?
३. ‘खिशातले मजूर’ कोणाला म्हणत? का?
४. चांदी सुरतेला कोणकोणत्या वाटांनी येई?
५. चांदी स्वस्त पडत होती, तिची उरलेली किंमत कोण भरत होते?

हिशेब करा

१. एका गावात १८ ते ५० वयाचे १४० पुरुष आहेत. सातवा हिस्सा मिताला गेला, तर किती पुरुष गेले? मागे किती उरले?
२. पुढे त्या गावात ८४ पुरुषच उरले, पण वहीतला आकडा तोच राहिला. आता किती पुरुषांमागे एक जातो?

आपसांत बोला

तुमच्या कामाची हजेरी कोण लिहितो? ती तुम्ही कधी वाचून पाहिली आहे का? तुम्ही कामावर असताना तुमचे घर आणि शेत कोण सांभाळते? त्या कामाची मजुरी कोणाच्या वहीत लिहिली जाते?